हळद एकच, पुरावा मात्र ज्याचा त्याचा

‘मी हळदीवर संशोधन करतोय’ असं सांगलीत कुणी म्हटलं, तर त्यावरून फारसं काही कळत नाही. तो कसबे डिग्रजच्या शेतात वाफ्यांचं वजन घेत असेल. मिरजेच्या एखाद्या रुग्णालयात गुडघेदुखीच्या रुग्णांना कॅप्सूल देऊन महिन्या-महिन्याने तपासत असेल. किंवा जुन्या वाड्यातल्या रुमालांत बांधलेले मोडी कागद सोडवून जकातीच्या नोंदी उतरवत असेल. तिघंही विद्यापीठाला प्रबंधच देणार, तिघांच्याही शेवटी ‘निष्कर्ष’ नावाचं प्रकरण असणार. पण पुरावा म्हणून प्रत्येक जण जे पुढे करतो ते वेगळ्या जातीचं असतं, आणि म्हणून चूकही प्रत्येकाकडे वेगळ्या जागी दडते. पदव्युत्तर विद्यार्थी नेमके इथे अडखळतात. एका शाखेची कसोटी दुसरीला लावतात आणि ‘सिद्ध झालंय’ हा शब्द तिन्हीकडे सारख्याच अर्थाने वापरतात.

आधी प्रयोगशाळा घेऊ, कारण तिथला आकडा सगळ्यांत खरा वाटतो. हळदीला पिवळा रंग देणारं कुरकुमिन मोजायची नेहमीची पद्धत अशी: वाळलेलं हळकुंड दळून चाळायचं, त्यातली ०.१ ग्रॅम पूड तोलून २५ मिलि शुद्ध अल्कोहोलमध्ये घालायची आणि वर थंड पाण्याचा कंडेन्सर लावून अडीच तास उकळत ठेवायची. गाळून अल्कोहोलनेच १०० मिलि करायचं. त्यातले १० मिलि घेऊन पुन्हा १०० मिलि. मग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४२५ नॅनोमीटरला वाचन घ्यायचं. एका लिटरमध्ये ०.००२५ ग्रॅम शुद्ध कुरकुमिन असलं तर वाचन ०.४२ येतं, हिशेब त्या प्रमाणात. वरची मापं पाळली असतील तर वाचनाला ५.९५ ने गुणलं की टक्केवारी हाती येते. ०.६० आलं तर साधारण ३.६ टक्के.

कृती एवढीच, पण आकडा बिघडायला वाटा पुष्कळ. वाचन १ च्या वर गेलं तर द्रावण आणखी पातळ करून पुन्हा वाचायला हवं, नाहीतर प्रमाण सरळ रेषेत राहत नाही. कुरकुमिन उजेडात विरतं, म्हणून बाटली तपकिरी काचेची हवी आणि काम एका बैठकीत उरकायला हवं. पुडीतला ओलावा वेगळा मोजून टक्केवारी कोरड्या वजनावर द्यायला हवी. ती न दिल्यामुळे एकाच जातीचे दोन प्रबंधांतले आकडे जुळत नाहीत आणि लोक त्याचं खापर मातीवर फोडतात. शिवाय हे यंत्र एकटं कुरकुमिन ओळखत नाही. त्याचे दोन जवळचे भाऊ, डिमेथॉक्सिकुरकुमिन आणि बिसडिमेथॉक्सिकुरकुमिन, तेही याच बेरजेत येतात. पुडीत मेटॅनिल यलोसारखा रंग मिसळला असेल तर तोही त्याच पट्ट्यात शोषण करतो आणि भेसळीची हळद कागदावर उत्तम ठरते! तिघांना वेगवेगळं मोजायचं असेल तर घटक सुटे करून मोजणारी एचपीएलसीसारखी पद्धत लागते.

मेटॅनिल यलोच्या साध्या चाचणीतही एक खाच आहे. पुडीवर हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की गुलाबी रंग आला म्हणजे भेसळ, असं बरेच जण सांगतात. शुद्ध हळदही आम्लात लालसर होते. पाणी घालून पातळ केल्यावर हळदीचा तो रंग जातो आणि मेटॅनिल यलोचा टिकतो. पाणी घालायची पायरी गाळली तर निर्दोष माल दोषी ठरतो.

पण माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक यंत्राजवळ होतच नाही, ती पोत्यापाशी होते. जेठा गड्डा (मूळ मातृकंद) आणि हळकुंड यांतलं कुरकुमिन सारखं नसतं. काहिलीत शिजवलेला आणि वाफेवर शिजवलेला माल सारखा नसतो. अशा मिश्र ढिगातून वरच्याच पोत्यातली मूठभर हळद उचलायची, ती दळायची, त्याच पुडीची तीन वजनं घ्यायची आणि ‘तीन पुनरावृत्ती’ असं लिहायचं, हे सर्रास चालतं. त्या तीन वाचनांवरून फक्त हात किती स्थिर आहे ते कळतं. ढिगाबद्दल सांगायचं तर वेगवेगळ्या पोत्यांतून, तळातून आणि मधूनही माल काढून प्रत्येकाचा नमुना स्वतंत्र दळावा लागतो.

शेतातल्या प्रयोगात हाच नियम वाफ्यांना लागतो. समजा चार जाती तपासायच्या आहेत. चारही जातींची एकेक मोठी पट्टी लावली तर फरक जातीचा की जमिनीचा, हे कधीच सुटणार नाही, कारण उताराच्या खालच्या अंगाला ओल जास्त आणि कंदकूजही जास्त. म्हणून उताराच्या आडवे गट पाडायचे, प्रत्येक गटात चारही जाती चिठ्ठ्या टाकून बसवायच्या आणि कडेच्या ओळी मोजणीतून वगळायच्या. आणि निकालासाठी आठ-नऊ महिने थांबायचं. लागवड चुकली की अख्खं वर्ष गेलं. प्रयोगशाळेतला विद्यार्थी सकाळी बिघडलेलं द्रावण दुपारी पुन्हा करतो. कृषीच्या विद्यार्थ्याला ती सोय नाही.

आता हाच ३.६ टक्क्यांचा आकडा वैद्यकात नेऊन पाहा. कुरकुमिन आतड्यातून रक्तात जेमतेम पोहोचतं. १९९८ साली बंगळूरमध्ये झालेल्या अभ्यासात निरोगी माणसांना २ ग्रॅम कुरकुमिनसोबत काळ्या मिरीतलं २० मिलिग्रॅम पिपरिन दिलं, तेव्हा उपलब्धता वीसपट वाढली. या आकड्याचा हवाला जाहिरातींत सारखा येतो. पण २ ग्रॅम कुरकुमिन म्हणजे ३.६ टक्क्यांच्या हिशेबाने पंचावन्न ग्रॅम हळद. दुधातली दीड ग्रॅम हळद देते सुमारे ५४ मिलिग्रॅम. आणि रक्तात पातळी वाढली म्हणजे दुखणं कमी झालं असं होत नाही. ते दुखणं असलेल्या माणसांवरच तपासावं लागतं. शिवाय पिपरिन शरीरातली औषधं मोडणारी यंत्रणा मंदावतं. फिट्ससाठी फेनिटॉइन घेणाऱ्याच्या रक्तात त्या औषधाचीही पातळी वाढू शकते.

मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारलं. तेव्हापासून या गावात उपचारासाठी लांबून माणसं येतात, कर्नाटकातूनही. संशोधकाला ही मोठी सोय आहे आणि मोठा धोकाही. मोठ्या रुग्णालयात पोहोचणारा रुग्ण गावच्या दवाखान्यात बरा न झालेला असतो, म्हणजे आजार आधीच वाढलेला. त्याच्यावरून ‘सांगली जिल्ह्यातले रुग्ण’ असं विधान करता येत नाही. संमतिपत्र मराठीत छापून भागत नाही, कानडीतही लागतं. वाचता न येणाऱ्याला ते मोठ्याने वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि संशोधनाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही घ्यायची. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतली नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी झाली पाहिजे. २००९ पासून औषधचाचण्यांना ती नोंदणी सक्तीची आहे. नंतर केलेल्या नोंदणीला अर्थ उरत नाही, कारण काय मोजणार होतो हे निकाल पाहून बदललं नाही याची खात्री देणारा तोच एक कागद असतो.

रुग्ण किती घ्यायचे, याचं उत्तर ‘गाइडनी पन्नास सांगितले’ असं नसतं. समजा नेहमीच्या उपचाराने ३० टक्के लोकांना त्रास पुन्हा होतो आणि नव्याने तो २० टक्क्यांवर येईल अशी अपेक्षा आहे. हा फरक असलाच तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के हवी आणि फसव्या निकालाची मर्यादा ५ टक्के ठेवायची, तर प्रत्येक गटात सुमारे २९० माणसं लागतात. दहा टक्के गळती धरली की ३२०च्या वर. पन्नास जणांच्या अभ्यासात ‘फरक आढळला नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की फरक दिसण्याइतकी माणसं नव्हती.

गळतीला आपल्याकडे ऋतू असतो. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या तळावर राहणारा रुग्ण वसंतात गावी परततो. सहा महिन्यांची तपासणी ठेवलेली चाचणी डिसेंबरात सुरू केली, तर हे रुग्ण हमखास निसटतात, आणि निसटणारे सगळे एकाच तऱ्हेचे, कष्टाचं काम करणारे असतात. उरलेल्यांची सरासरी चांगली दिसते. म्हणून सुरुवातीचा महिना ठरवताना गाळपाचा हंगाम पाहायचा, आणि जे निसटले त्यांनाही ज्या गटात टाकलं होतं त्याच गटात मोजायचं.

हळदीच्या चाचणीत आणखी एक पेच पिवळ्या रंगाचा. रुग्णाला आणि डॉक्टरला कोणती कॅप्सूल कोणती ते कळता कामा नये. म्हणून कवच अपारदर्शक हवं आणि दुसऱ्या कॅप्सूलमध्येही तसाच रंग आणि वास असलेलं निरुपद्रवी काही हवं. कॅप्सूल फोडून दुधात घालणारे रुग्ण असतातच. म्हणून शेवटी प्रत्येकाला ‘तुम्हाला कोणती मिळाली असं वाटतं?’ हे विचारून त्याची नोंद करावी. निम्म्याहून फार जास्त लोकांनी बरोबर ओळखलं असेल तर दुखण्याचे आकडे जपून वाचावेत.

इतिहासाकडे वळलं की चिठ्ठ्या टाकणं नाही आणि पुन्हा करून पाहणंही नाही. कागद जो उरला तो उरला. इथे पहिला प्रश्न असतो: हे केव्हाचं? मिरजेला वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रं निवडून, सालवार लावून छापली; १८९८ मध्ये इतिहाससंशोधक राजवाड्यांचा पहिला साधनखंड वाईत सापडलेल्या कागदांवरून निघाला. या दोघांच्या कामात मजकूर वाचण्याइतकाच घाम पत्रांचा काळ ठरवण्यात गेला आहे, असं मला ती छापील पत्रं वाचताना सतत जाणवतं.

एक उदाहरण जवळून पाहू. पत्रात ‘सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’ असं आलं. हे अरबी संख्याशब्द आहेत: इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६१, हा शुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरांत चालणारी कालगणना; ‘सु॥’ हा त्याचाच संक्षेप. सूर्य मृगात शिरला की हे वर्ष बदलतं. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पत्र पौषातलं असेल आणि इंग्रजी महिना जानेवारी पडत असेल तर १७६१. पानिपतची लढाई याच सनातली: शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, १४ जानेवारी १७६१. शकात जानेवारी ते गुढीपाडवा ७९ मिळवायचे आणि त्यानंतर ७८. १६८२ अधिक ७९ बरोबर १७६१ येतात, म्हणजे दोन्ही वाटांनी मेळ बसला.

गोंधळ होतो तो काठावर. ज्येष्ठातलं पत्र मृगाच्या आधीचं की नंतरचं हे पाहिलं नाही तर वर्ष एकाने सरकतं. लेखक पुष्कळदा ‘मया व अलफ’ गाळतो आणि नुसतं ‘इहिदे सितैन’ लिहितो. मग शतक अक्षरावरून आणि नावांवरून ठरवावं लागतं. ‘छ’ अक्षरानंतर येणारा आकडा चंद्राचा, म्हणजे मुसलमानी महिन्यातल्या दिवसाचा. तो दिवस सूर्यास्तापासून मोजला जातो, म्हणून तिथीशी ताडताना एका दिवसाचा फरक दिसला तर लगेच पत्र खोटं म्हणू नये. हिजरी महिने दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतात. म्हणून चंद्र, शुहूर सन आणि वार तिन्ही एकत्र असतील तर तारीख पक्की बसते. सगळ्यांत पक्का साक्षीदार वार. इंग्रजी वखारीच्या पत्रांत आणखी एक खड्डा: १७५२ पर्यंत इंग्रज जुनी दिनगणना वापरत आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला बदले. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख त्या जुन्या गणनेतली आहे, नव्या गणनेने ती १६ जून होते.

मोडी वाचताना सगळ्यांत आधी कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत, मोजपट्टी शेजारी ठेवून. मागच्या बाजूला ‘पैवस्ती’, म्हणजे पत्र पोहोचल्याची नोंद, असू शकते, आणि मजकुरात साल नसताना तीच कामी येते. लिप्यंतर करताना ओळी मूळ कागदाप्रमाणे तोडाव्यात. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, म्हणून संशयाच्या जागी प्रश्नचिन्ह घालून पुढे जावं. त्याच हाताची दोन-चार पत्रं वाचली की अडलेलं अक्षर सुटतं. शुद्धलेखन सुधारू नये. आणि ‘॥’ या खुणेकडे लक्ष द्यावं. ‘मौ॥’ मध्ये ती मौजेचा संक्षेप दाखवते, ‘१०॥’ मध्ये तीच साडेदहा दाखवते. हिशेबाच्या कागदात ही गल्लत झाली तर मणाचे आकडे बिघडतात, आणि त्यावर काढलेली हळदीच्या भावाची आलेखरेषाही. फाटक्या कागदाला सेलोटेप लावू नये, प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट तर मुळीच करू नये. काजळीची शाई उन्हाने उडत नाही, पण पाण्याने धुऊन जाते. कृष्णाकाठच्या वाड्यांत पुराच्या पातळीखाली रुमाल ठेवणं म्हणूनच घातक. २००५च्या पुराने सांगलीजवळच्या हरिपूरची जमिनीखालची हळदीची पेवं निकामी केली, तिथे कागदांची काय कथा.

सातारचे इतिहाससंग्राहक पारसनीस यांचा कागदांचा संग्रह साताऱ्यात शोधत बसू नये, हेही सांगून ठेवतो. तो १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला.

विज्ञान म्हणजे नेहमी प्रयोगशाळाच असंही नाही. कोयनेचं उदाहरण घ्या. कोयना धरणाचा जलाशय, शिवाजीसागर, १९६२च्या सुमारास भरू लागला, हादरे सुरू झाले, आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप होऊन पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. पाणी काढून घेऊन ‘आता होतो का बघू’ असं कुणी करू शकत नाही. इथला संशोधक इतिहासकाराच्या जवळ बसतो: जे घडलं त्याच्या नोंदी, त्यांची वेळ, जागा आणि खोली. भूकंप छोट्या टापूतच एकवटलेले, पावसाळ्यानंतर पातळी वाढली की जास्त, म्हणून पाण्याशी संबंध. पण खडकात ताण आधीपासून साठलेला होता आणि पाण्याने तो मोकळा केला, असं विधान जपून करावं लागतं. ते तपासायला कोयना परिसरातल्या गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. सव्वा किलोमीटरपर्यंत काळा बेसाल्ट, त्याखाली ग्रॅनाइट. त्या कामाची प्रयोगशाळा कराडजवळ आहे.

परत हळदीकडे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. सीएसआयआर या भारताच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये फेरतपासणी मागितली आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. त्या प्रकरणात हळदीने जखम बरी होते की नाही, याचा प्रयोग कुणी केला नाही. प्रश्न होता: हे आधी कुठे लिहिलेलं आहे का, आणि केव्हा? ३२ संदर्भ सादर झाले, त्यांत जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक लेखही होता. रसायनशास्त्राचं भांडण कागदाच्या वयावर सुटलं. उलट, हाच संस्कृत दाखला ‘हळद गुणकारी आहे’ याचा पुरावा म्हणून डॉक्टरपुढे ठेवला तर तो चालत नाही. त्यावरून फार तर एवढं कळतं की लोक ती वापरत होते.

तिन्ही शाखा एकाच कामाला लागल्या, असं उदाहरण बांगलादेशातलं आहे. तिथल्या ग्रामीण गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसं सापडत होतं. स्टॅनफर्ड आणि ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या आरोग्यसंशोधन संस्थेतल्या संशोधकांनी शिशाच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) गुणोत्तर रक्तात आणि घरातल्या वस्तूंत मोजलं, तेव्हा ते हळदीशी जुळलं. बाजारातल्या हळदीत लेड क्रोमेट हे शिशाचं पिवळं रंगद्रव्य निघालं. मग पॉलिश करणारे, व्यापारी आणि शेतकरी यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतून कळलं की ही रीत १९८०च्या दशकातली: पुराने भिजून काळवंडलेल्या मालाला रंग यावा म्हणून पॉलिशच्या वेळी ती पिवळी पूड टाकायला सुरुवात झाली. म्हणजे भेसळ कोणत्या पायरीवर होते, हे आठवणींनी दाखवलं. यंत्राला ते दिसलं नसतं. २०१९ नंतर तपासनिसांनी एक्स-रे फ्लुओरेसन्सचं हातातलं उपकरण घेऊन बाजारात जागेवरच हळद तपासली, दंड केले, माल जप्त केला. २०१९ मध्ये ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं, २०२१ मध्ये एकाही नमुन्यात नव्हतं, आणि हळद-गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही उतरलं.